ड्रेस्डेन ते त्रिएस्ते: दोन पिशव्या, दोन खिसे (सल्ला हवा आहे)

तुरटी
२४ मार्च २०२४, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी सांगलीची. इंजिनिअरिंगचं एक सेमिस्टर एक्स्चेंजवर करायला ड्रेस्डेनला आलेय. मे महिन्यात इथे पेंटेकॉस्टची (ख्रिस्ती सण) आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा माझी बालवाडीपासूनची मैत्रीण पुण्याहून येणार आहे. तिला इथे बंडी म्हणते. (हे नाव तिला अजिबात आवडत नाही, पण ती इथे येत नाही.) पाठीवर एकेक पिशवी, राहायला हॉस्टेल, जायला रेल्वे नाहीतर बस, असा तेरा रात्रींचा बेत आहे. कच्चा मार्ग: ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना, ल्युब्लियाना, त्रिएस्ते, म्युनिक. म्युनिकहून ती परत.

प्रवासाच्या सूचना हव्यातच, पण खरी पंचाईत वेगळी आहे. बंडी बीसीए करून हिंजवडीत लागली, पगार घेते, आणि पहिली परदेशवारी म्हणून हात सैल सोडणार आहे. माझं ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले पैसे) महिन्याला ९३४ युरो सोडतं. खोली, विमा, जेवण, फोन जाऊन शंभर-सव्वाशे उरतात. ते पैसे बाबांच्या पीएफचे आहेत. या सहलीसाठी मी ४५० युरो बाजूला काढू शकते, वर एक युरो नाही. कॉलेजात असताना आमचं सगळं टीटीएमएम चालायचं, तुझं तू माझं मी, कारण तेव्हा दोघींकडे सारखेच, म्हणजे काहीच नसायचे. आता कसं करावं?

नागपुरी_संत्रं
२४ मार्च, रात्री ९:२०

मी पयला. बाकी सल्ला जेवून झाल्यावर.

श्टुटगार्टची_अनु
२४ मार्च, रात्री १०:०५

आधी कागदपत्रं, मग गप्पा.

तुझ्याकडे जर्मनीचा डी, म्हणजे लांब मुक्कामाचा, व्हिसा आहे. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं, वेगळा व्हिसा नको. चेक, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली सगळे त्यात आले. बरोबर पासपोर्ट मात्र हवाच. कॉलेजचं ओळखपत्र दाखवून "मी विद्यार्थिनी" म्हटलं तर कोणी ऐकत नाही. शेंगेन म्हणजे सीमेवर तपासणीच नाही असा आपल्याकडे समज आहे. ऑस्ट्रियातून जर्मनीत येताना पोलीस बसमध्ये चढतात, आणि गेल्या ऑक्टोबरपासून इटलीनेही स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी सुरू केली आहे.

बंडीला शॉर्ट स्टे व्हिसा लागेल. फी सध्या (मार्च २०२४) ८० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या झाल्या तर जिथे पहिलं पाऊल तिथे. म्हणून आधी रात्री मोज. ड्रेस्डेनच्या तीन आणि म्युनिकची एक धरली तर जर्मनीच्या चार होतात, बाकी कुठेही तीनच्या वर जाऊ देऊ नकोस. प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात हे खरं, पण अपॉइंटमेंट मिळण्यातच जीव जातो. आजच बघायला सांग.

खडूस_काकू
२५ मार्च, सकाळी ७:३१

आईकडून काय मागवणार आहेस ते सांग. आमच्या पुतण्याचे पेढे विमानतळावर गेले, डब्यासकट.

श्टुटगार्टची_अनु
२५ मार्च, दुपारी १२:४०

काकू, बरोबर. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, तूप, खवा सगळं बाद. हापूससुद्धा नाही, त्याला रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो. दर मे महिन्यात कुणाची तरी आई ऐकत नाही. भाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, हिंग बिनधास्त आणा.

पाठीवरचं_घर
२५ मार्च, रात्री ११:१८

पिशवी ४० लिटरच्या वर नको. भरून झाली की तीन जिने चढून बघायचं, दम लागला तर एक जीन्स बाहेर काढायची. (दोन जीन्स भरतेसच, मला माहीत आहे.) छोटं कुलूप घरून न्या, हॉस्टेलात कपाट मिळतं, कुलूप विकत घ्यावं लागतं. कानात घालायचे बोळे. रबरी चप्पल. पंचा न्या, टॉवेल नको. पंच्यासारखं सामान जगात कोणी अजून बनवलेलं नाही, रात्री धुवा, सकाळी कोरडा.

एटीएम "तुमच्या चलनात पैसे वळते करू का" विचारतं. नाही म्हणायचं. चेकमध्ये कोरुना, बाकी सगळीकडे युरो.

खिशांबद्दल: दोघींचा वेग आणि दोघींचे पैसे यावर जाण्याआधी बोला. मी एका जिवलग मित्राबरोबर तीन आठवडे व्हिएतनाम केलं. आता आम्ही एकमेकांच्या वाढदिवसाला अंगठा पाठवतो.

वाटसरू
२६ मार्च, सकाळी ८:०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वडिलांच्या पीएफवर परदेशात शिकायला गेला आहात. शिका. फिरणं कमवायला लागल्यावर होतं. आमच्या वेळी गोवासुद्धा पहिल्या पगारातून पाहिला.

तुरटी
२६ मार्च, दुपारी २:१५

राग नाही. हे वाक्य मी स्वतःशीच रोज म्हणते, म्हणून तर ४५०. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, जा, पण बंडीच्या जिवावर नको.

खडूस_काकू
२६ मार्च, दुपारी ४:५०

वडील बरोबर बोलले. आता ऐक.

१९८९ साली आम्ही चौघी मैत्रिणींनी एसटीने अष्टविनायक केले. मी बँकेत, दोघी शिक्षिका, चौथीच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. वही घातली होती, कोणी किती दिले ते लिहायला. रांजणगावला पोचेपर्यंत ती चहा प्यायची बंद झाली. नको म्हणायची, पित्त होतं म्हणायची. का ते आम्हाला घरी आल्यावर कळलं.

वही घालू नका. डबा ठेवा. रोज सकाळी दोघींनी सारखे पैसे डब्यात टाकायचे, आणि किती टाकायचे हे जिचा खिसा लहान तिने ठरवायचं. दिवसाचा खर्च डब्यातून. डब्याबाहेरचं काही हवं असेल तर जिला हवं तिने एकटीने करावं, दुसरीने तोंड वाकडं करायचं नाही.

नागपुरी_संत्रं
२६ मार्च, संध्याकाळी ६:११

काकू +१. माझा रूम पार्टनर आमच्या कॉन्ट्रीतून एकटाच अंडी खाऊन रायला होता बावा. त्याच्यावर वेगळा धागा काढतो.

तुरटी
२७ मार्च, रात्री ८:४४

काकू, बंडीला सांगितलं. ती हसली. म्हणाली, मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे, शेवटच्या पैशापर्यंत हिशोब लागतो, डबे कसले घेऊन फिरायचे. अ‍ॅपच ठरलंय.

मिरज_जंक्शन
२९ मार्च, सकाळी ६:०५

पोरी, धागा उशिरा पाहिला. मी रेल्वेतून निवृत्त. दोन गोष्टी सांगतो, बाकी तुम्ही तरुण मंडळी बघा.

एक. तुझ्याकडे डॉइचलांड तिकीट (महिन्याचा पास) असेल तर एस-१ लोकलने बाड शांडाऊपर्यंत फुकट जा, तिथून छोट्या गाडीने चेकमधलं डेचीन, डेचीनहून चेक रेल्वेची गाडी. वेळ जास्त जाईल, पैसे वाचतील. थेट गाडीच घ्यायची तर चेक रेल्वेच्या साइटवर भाव बघ, तेच आसन पुष्कळदा स्वस्त पडतं. कुठूनही गेलीस तरी एल्बे नदी खिडकीशी असते.

दोन. व्हिएन्ना ते ल्युब्लियाना बसने जाऊ नकोस. सहा तास लागू देत, रेल्वेनेच जा. ती गाडी झेमरिंग घाटातून जाते. १८४८ ते १८५४, अभियंता कार्ल फॉन गेगा, ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल. लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं, कारण तो चढ ओढणारं इंजिन तेव्हा कोणाकडे नव्हतंच. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६३ ला. आपल्याकडे चढ कमी करायला गाडीची तोंडफिरवणी करावी लागली, गेगाने वळणांवर भागवलं. झेमरिंगच्या पोटातून आता २७ किलोमीटरचा बोगदा बांधतायत. तो चालू झाला की घाटातनं कोण जातंय. आत्ताच बघून घे.

तुरटी
१६ मे, रात्री ११:५२

बंडी पोचली! सोमवारी पुण्यात मतदान करून निघाली. फ्रांकफुर्टला अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, मग तिच्या बोटाची शाई बघितली आणि विचारलं, हा काही आजार आहे का? निवडणूक म्हटल्यावर त्याने शेजारच्या अधिकाऱ्याला बोलावून बोट दाखवलं.

आज बास्टाय केलं, एल्बेकाठचे उंच कडे. कुरोर्ट राटनला उतरायचं आणि एल्बे ओलांडायची. तिथली नाव इंजिनाशिवाय चालते. वरच्या अंगाला लांब तारेने बांधलेली, नावाडी सुकाणू जरा तिरपं करतो आणि नदीचं पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. एक आवाज नाही. हरिपूरच्या संगमावरचा नावाडी काठी टेकत शिव्या देत न्यायचा ते आठवून आम्ही दोघी येड्यासारख्या हसत होतो. वर १८५१ चा दगडी पूल, खाली १९४ मीटरवर नदी. दिवसाचा एकूण खर्च दोघींचा मिळून ११ युरो. अ‍ॅप छान चाललंय.

मिरज_जंक्शन
१७ मे, सकाळी ५:४०

नावेचा फोटो टाक. तारेचा टाक, तुमचा नको.

तुरटी
१९ मे, दुपारी १२:१०

प्रागहून. कोणी आहे का? बंडीने हट्टाने ५० युरो बदलून घेतले. फलकावर शून्य कमिशन लिहिलेलं. हातात ८५० कोरुना आले. मोबाइलवर भाव बघितला तर साधारण १,२३५ यायला हवे होते. ती रस्त्यात उभी राहून रडकुंडीला आलीय. गेले ना पैसे?

श्टुटगार्टची_अनु
१९ मे, दुपारी १२:१६

पावती आहे का??? चेकमध्ये २०१९ पासून कायदा आहे. १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, त्याच दुकानात, पावती दाखवून रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. कोरुना तसेच परत द्या, युरो तसेच परत घ्या. पळा.

पाठीवरचं_घर
१९ मे, दुपारी १२:२१

पळा पळा. आणि आवाज चढवू नका. "तीन तास, कायदा" एवढंच म्हणत उभ्या राहा.

तुरटी
१९ मे, दुपारी १:०८

मिळाले!! काचेमागच्या माणसाने आधी इंग्रजी येत नसल्यासारखं केलं. बंडीने पावती काचेला चिकटवली आणि मराठीत सुरू झाली. "पैसे दे म्हणजे दे." मागे रांग लागली. चौथ्या मिनिटाला ५० ची नोट खालून सरकली. अनुताई, तुमच्या नावाने आज तळलेलं चीज खाल्लं. स्माझेनी सिर, बटाट्याबरोबर. शाकाहारी माणसाला प्रागमध्ये तेच एक हुकमी.

नागपुरी_संत्रं
१९ मे, दुपारी १:३०

हा धागा आता क्रिकेटसारखा पाहून रायलो.

तुरटी
२३ मे, रात्री १:२०

ल्युब्लियाना. झोप येत नाही म्हणून लिहितेय.

व्हिएन्नात भांडण झालं. नीट सांगते, तुम्हीच न्याय करा.

सोमवारी पोचलो तर पेंटेकॉस्टचा सोमवार, सगळं बंद. हाउप्टबानहोफमधलं (मुख्य स्टेशन) दुकान तेवढं उघडं असतं हे नंतर कळलं. भुकेने कासावीस होऊन एका गाडीवर गेलो. बंडीने फलकावर "केझे" वाचलं. केझे म्हणजे चीज हे तिला मीच शिकवलं होतं. केझेक्राइनर. पहिला घास घेतला आणि थांबली. चीज होतं, पण सॉसेजच्या आत भरलेलं. ती पक्की शाकाहारी, घरी अंडंसुद्धा नाही. काही बोलली नाही, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, तीनदा चूळ भरली. मी अ‍ॅपमध्ये त्याचे साडेपाच युरो निम्मे निम्मे टाकले. आता लिहिताना माझीच मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी श्टाट्सओपर, तिथलं ऑपेरागृह. तिथे उभं राहून बघायची तिकिटं वीस युरोच्या आत त्याच दिवशी मिळतात हे मी महिनाभर आधी शोधून ठेवलं होतं. आत जाऊन आपल्या जागेवरच्या कठड्याला रुमाल बांधायचा, की जागा आपली. मी मुद्दाम आईची इरकली ओढणी नेली होती बांधायला.

दुपारी बंडी म्हणाली, सरप्राइज. दोन खुर्च्यांची तिकिटं. एकेक ९४ युरो. काल मला त्रास झाला म्हणून आजचा दिवस भारी करू म्हणाली. मी काही न बोलता अ‍ॅप उघडलं आणि माझ्या नावावर ९४ लिहिले. तिने स्क्रीन बघितली. "मी भेट दिलीय." मी म्हटलं, मला न विचारता दिलेली भेट मला कर्जच वाटते. ती म्हणाली, तू गरीब नाहीयेस, तू कंजूस आहेस, आणि त्याचा तुला गर्व आहे.

मग ती खुर्चीवर बसली. मी उभ्याच्या तिकिटाने आत गेले, ओढणी बांधली आणि साडेतीन तास उभी राहिले. वरून नजर गेली की ती दिसायची आणि तिच्या शेजारची रिकामी खुर्ची दिसायची. संगीत काय झालं मला विचारू नका.

आज सकाळी गाडीत समोरासमोर बसलो, शब्द नाही. तास-दीड तासाने गाडी वळणं घ्यायला लागली. खाली खोल दरी, पुढे दुमजली कमानींचा पूल, आणि त्या पुलावर वळताना आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसत होतं. मिरजेच्या काकांचं आठवलं. मी मोठ्याने म्हणाले, "१४ बोगदे." बंडी खिडकीकडे बघतच म्हणाली, "मोजतेय. सहावा." एवढंच. पुन्हा ग्रात्सपर्यंत शांतता.

आता ती वरच्या बंकवर झोपलीय. हॉस्टेल त्सेलित्सा नावाचं आहे, युगोस्लाव्ह लष्कराचा जुना तुरुंग. २००३ मध्ये त्याचं हॉस्टेल केलं. आम्ही माडीवरच्या डॉर्ममध्ये आहोत, खाली गज लावलेल्या कोठड्यांतही लोक पैसे देऊन झोपतात.

मिरज_जंक्शन
२३ मे, सकाळी ५:३२

किती मोजले तिने?

वाटसरू
२३ मे, सकाळी ८:१०

मी आधी विरोधात लिहिलं होतं, तरी सांगतो. ९४ लिहायला नको होते. माझ्या धाकट्या भावाने मला एकदा असाच मनीऑर्डरने हिशोब परत पाठवला होता. अकरा वर्षं झाली.

श्टुटगार्टची_अनु
२३ मे, सकाळी ९:०२

आणि तिने न विचारता तिकिटं काढायला नको होती. तुरटीने ४५० चा आकडा पहिल्या दिवसापासून सांगितला होता. विद्यार्थी असताना माझ्यावर असे उपकार झालेत. समोरचा प्रेमानेच करतो, पण पुढच्या चौकात आपण आइसक्रीम नको म्हणायला लागतो. काकूंच्या मैत्रिणीचं पित्त ते हेच.

खडूस_काकू
२३ मे, सकाळी १०:४५

ते अ‍ॅप पुसा. डबा. आत्ता. तुमच्याकडे डबा नसेल तर हिंगाची डबी तरी असेल, आईने दिलीच असणार.

पाठीवरचं_घर
२३ मे, सकाळी ११:२०

आणि अर्धा दिवस वेगळ्या फिरा. भांडण झालं म्हणून नाही, सवय म्हणून. रात्री एकमेकींना सांगायला काहीतरी होतं.

तुरटी
२४ मे, रात्री १०:३०

काका, चौदा मोजले. मध्येच झोपली असं मला वाटलं होतं, नव्हती.

काकू, हिंगाची डबी खरंच होती. पिवळी, प्लास्टिकची. मीच बंडीकडून मागवलेली. काल सकाळी तिला हा अख्खा धागा वाचायला दिला. (हो, बंडी या नावासकट. त्यावरून वेगळं भांडण झालं, ते बरं होतं.) वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, उरलेला हिंग कागदाच्या पुडीत ओतला, डबी धुतली, आणि समोर ठेवून म्हणाली, "किती?"

मी १५ म्हटलं. दोघींचे मिळून रोज ३०. झोपायचे आणि रेल्वेचे पैसे आधीच दिलेले आहेत, तेव्हा हे खाणं, बस, तिकिटं यांचे. ९४ चं काय ते मी विचारलं. ती म्हणाली, ते पुसलेत, आणि पुन्हा विचारलंस तर मी एकटी घरी जाईन.

आज ब्लेडचं तळं. बंडीला पारंपरिक नावेने तळ्यातल्या बेटावर जायचं होतं, ते डबीबाहेरचं. ती एकटी गेली. मी काठावर बसून भाकरवडी खाल्ली. बेटावर ९९ पायऱ्या चढून चर्च आहे, आत घंटेचा दोर ओढून इच्छा मागतात. थोड्या वेळाने पाण्यावरून टण्ण असा आवाज आला, मग आणखी दोनदा. परत आल्यावर विचारलं, तू वाजवलीस का? म्हणाली, तिसरी माझी. काय मागितलं ते सांगत नाही. मग तळ्याभोवतीचे सहा किलोमीटर चाललो आणि डबीच्या पैशांत एक क्रेमश्निता दोघींत घेतली. चौकोनी, थलथलीत, वर पापुद्रा. चमचा लावला की बाजूने मलई पळते.

धुतली तरी डबीचा वास जात नाही. पेस्ट्रीच्या दुकानातल्या बाईंनी पाचची नोट घेतली, नाकाजवळ नेली आणि आमच्याकडे बघितलं.

नागपुरी_संत्रं
२४ मे, रात्री १०:४१

युरोपियन सेंट्रल बँकेले कळव कोणी.

तुरटी
२६ मे, दुपारी ३:०५

काल काकांना आवडेल असा प्रवास केला. ल्युब्लियाना, येसेनित्से, आणि मग बोहिनच्या जुन्या मार्गाने नोव्हा गोरित्सा. दोन डब्यांची गाडी, सहा किलोमीटरांहून लांब बोगदा, मग पुढे सोचा नदी. तिचा रंग हिरवा म्हणावा की निळा यावर बंडीशी वाद घातला, मिटला नाही. शेवटाला सोल्कानचा पूल, ८५ मीटरची एकच दगडी कमान. रेल्वेच्या दगडी कमानींत जगात सगळ्यात मोठी. गाडी वरून जाते तेव्हा पूल दिसत नाही हो काका, नुसतं खाली पाणी दिसतं. उतरून चालत मागे गेलो बघायला, पिशव्यांसकट.

नोव्हा गोरित्साच्या स्टेशनाबाहेर पडलं की समोरच्या चौकाच्या मधून सीमा जाते. १९४७ मध्ये रेघ मारली, स्टेशन युगोस्लाव्हियात राहिलं आणि जुनं गाव इटलीत. कुंपण २००४ मध्ये काढलं. पुढच्या वर्षी, २०२५ ला, दोन्ही गावं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार, त्याची तयारी चालू आहे. आम्ही एक पाय इकडे एक पाय तिकडे केला, सगळे करतात तसा. एक आजी कुत्र्याला घेऊन त्या रेघेवरून गेली, कुत्र्याने इटलीत पाय वर केला. बंडीने अनुताईंचं ऐकून पासपोर्ट हातात धरला होता, कोणी विचारलं नाही. मग पाऊण तास चालत गोरित्सियाचं स्टेशन, तिथून त्रिएस्ते.

त्रिएस्तेत कॉफी मागायची वेगळी भाषा आहे. एस्प्रेसोला "नेरो" म्हणतात, दूध घातलेली छोटी कॉफी म्हणजे "कापो", आणि ती काचेच्या पेल्यात हवी तर "कापो इन बी". मी कॅपुचिनो मागितली आणि ही इवलीशीच आली. बंडी म्हणाली, अमृततुल्यचा कटिंग.

आज रात्रीची म्युनिकची बस.

श्टुटगार्टची_अनु
२६ मे, दुपारी ४:१२

पासपोर्ट पिशवीत तळाशी ठेवू नका. खिशात.

तुरटी
३० मे, रात्री ९:००

ड्रेस्डेनला परत. उद्या लॅब आहे, थोडक्यात लिहिते.

बस पहाटे तीनच्या सुमारास सीमेवर थांबली, दोन पोलीस चढले, सगळ्यांचे पासपोर्ट. माझा खिशात होता. मागच्या सीटवरच्या मुलाचा डिकीतल्या बॅगेत. त्याला खाली उतरवून अख्खी डिकी रिकामी करायला लावली, बस चाळीस मिनिटं उभी. अनुताई, साष्टांग.

बंडी मंगळवारी गेली. विमानतळावर दोघींनी डबी उघडली. ३ युरो ४० सेंट आणि एक वीस कोरुनांचं नाणं.

वाटसरू
३० मे, रात्री ९:२६

एकूण किती झाले ते लिहा. कुतूहल आहे.

तुरटी
३० मे, रात्री ९:४०

४३८. उभ्याच्या तिकिटासकट. केझेक्राइनरचे साडेपाच मी एकटीने धरले.

वाटसरू
३० मे, रात्री ९:४४

ठीक.

मिरज_जंक्शन
३१ मे, सकाळी ५:५०

सोल्कानची कमान १९१६ च्या युद्धात उडवली होती, पुन्हा बांधायला १९२७ उजाडलं. तू पाहिलीस ती दुसरी. नावेच्या तारेचा फोटो अजून आला नाही.

खडूस_काकू
३१ मे, सकाळी ७:१५

डबी कोणाकडे आहे?

तुरटी
३१ मे, सकाळी ८:०३

ती घेऊन गेली. हिंग माझ्याकडे आहे, पुडीत. खोलीभर वास आहे, शेजारची कोरियन मुलगी विचारत होती गॅस गळतोय का.